आजच्या रात्रीपुरतं

पार्मा, ओहायो. जानेवारी संपत आलेला.
गल्लीतली सगळी घरं एका साच्यातली,
त्रेपन्न साली घाईघाईत उभारलेली.
स्टेफानियाबाईंचं ओळखू येतं
पायरीवरच्या सिमेंटच्या हंसावरून;
या महिन्यात त्याच्या अंगात लोकरी कोट.

"दिवे जरा मिचमिचतात, बाकी काही नाही."
मग कॉफी. मग खसखशीचा रोल.
मग मुलाच्या फ्लोरिडातल्या घराची हकिगत.
ताकाला येऊन लपवलेलं भांडं मला दिसतं,
तीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरतोय मी.
"मायक्रोवेव्ह चालू असताना टोस्टर लावायचा नाही,
आणि इस्त्री करताना काहीच नाही.
एवढं पाळलं की झालं."
घरानं घालून दिलेलं सोवळं,
त्यांनी जन्मभर पाळलेलं.

तळघरात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या,
वॉशिंग मशीनमागे करडी पेटी:
साठ अँपिअर, चार गोल फ्यूज,
तिघांवर तीसचा आकडा,
त्या तारेला पंधराच्या वर झेपत नसताना.
तारेचं कापडी वेष्टण
बोट लागताच शिळ्या बिस्किटासारखं भुगा झालं.
डेशॉन, माझा शिकाऊ, शिट्टी वाजवणार होता.
मी डोळ्यांनीच दटावलं.
डॉक्टर वाजवतो का शिट्टी, रोग्याच्या उशाशी?

मुख्य खटका ओढला, टॉर्च लावला,
चौथा फ्यूज फिरवून काढला.
त्याच्या मागे नाणं.
एक सेंट, तांब्याचा, कडेनं काळानिळा,
चेहरा भाजून गेलेला,
साल तेवढं वाचता येत होतं: चौऱ्याहत्तर.

"फ्यूज आपल्याऐवजी मरतो," मी डेशॉनला म्हणालो,
"पेनी मरत नाही. मग मरायची पाळी भिंतीची."

कठडा धरत, एकेक पायरी मोजत
बाई खाली आल्या. बघत राहिल्या.
"ही इहोरची."
अठ्ठ्याहत्तरचं वादळ. बर्फ खिडकीच्या वर.
तारासला घटसर्पासारखा खोकला, पाच वर्षांचा,
वाफेचं यंत्र लावलं आणि फ्यूज उडाला.
दुकानं बंद, रस्ते बंद.
इहोर खिसे चाचपत तळघरात गेला,
वर आला तेव्हा दिवे होते.
म्हणाला, आजच्या रात्रीपुरतं.

त्यानंतर रोज निजण्याआधी
तो स्वयंपाकघराच्या भिंतीला तळवा लावून उभा राहायचा.
"मला वाटायचं, घराला शुभ रात्री म्हणतोय.
तो गेल्यापासून मीही लावते.
उबदार असते ती भिंत.
मांजर तिथेच झोपतं."

मी काही बोललो नाही.
डेशॉनसुद्धा नाही, हे विशेष.

गुरुवारी वीजकंपनीनं मीटर उपटला.
दिवसभर घर गारठलेलं,
बाई हंसाशेजारी, हंसासारखाच कोट घालून,
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या:
"दोनशे अँपिअर! दोनशे!"
गोठलेल्या जमिनीत आठ फुटी दांडी ठोकताना
डेशॉनच्या हाताला फोड आले.
इतकी वर्षं हे घर मातीवर नुसतं टेकलेलं होतं,
आता कुठे धरलं मातीनं.

संध्याकाळी त्यांनी मायक्रोवेव्ह लावला,
टोस्टर लावला, इस्त्री लावली,
आणि तिन्हींच्या मध्ये कान देऊन उभ्या राहिल्या,
चोरी करताना पकडल्यासारख्या.

बिल दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"यातून एक सेंट वजा कर.
नाणं तू नेतोयस ना?"
मी वजा केला. खाली सही केली.

तपासनीस मंगळवारी येऊन गेला, पास म्हणाला.
मी एक आवरणपट्टी बसवायला गेलो तर
पम्पुश्का, ते मांजर, भिंतीकडे पाठ करून
फरशीच्या मधोमध बसलेलं,
माझ्याकडे असं बघत होतं
जसं काही मी त्याच्या घरातून
एक माणूस काढून नेला.
बाईंनी तळवा भिंतीवर ठेवला,
थोडा वेळ ठेवला.
"गार आहे," म्हणाल्या,
आणि कॉफीला लागल्या.